छेदात काय लिहायचे?

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत एका तालुक्याच्या गावी गणिताच्या शिक्षकांचे दोन दिवसांचे शिबिर होते. तिथे संभाव्यतेवर बोलायला मला बोलावले होते. सुरुवात सोपी असावी म्हणून मी फळ्यावर एक गणित लिहिले : दोन नाणी एकाच वेळी उडवली, तर निदान एकावर छापा येण्याची संभाव्यता किती?

मागच्या बाकावरचे एक सर म्हणाले, "दोन तृतीयांश."

"कसे ते सांगाल का, सर?"

"मॅडम, तीनच गोष्टी घडू शकतात. दोन्हींवर छापा, दोन्हींवर काटा, किंवा एकावर छापा आणि एकावर काटा. तिनांपैकी दोनांत छापा आहे. म्हणून दोन छेद तीन."

पुढच्या रांगेतून लगेच आवाज आला, "पुस्तकात ३/४ आहे." थोडा हशा झाला आणि सर खाली बसले. पण 'पुस्तकात आहे' हे काही कारण नव्हे. मी पुढच्या रांगेला विचारले, ३/४ का? उत्तर आले, एकूण निष्पत्ती चार : छछ, छक, कछ, कक. त्यांपैकी तिनांत छापा आहे. तेवढ्यात मागचे सर पुन्हा उठले. "पण छक आणि कछ वेगळे का मोजायचे? नाणी एकदमच उडवलीत ना? त्यांत पहिलं कोणतं आणि दुसरं कोणतं?"

यावर कोणीच बोलेना. तीसेक शिक्षक, सगळे हा धडा वर्षानुवर्षे शिकवणारे, आणि सगळ्यांचे उत्तर बरोबर. पण ते बरोबर का, हे सांगता येईना. मला मात्र तो प्रश्न फार आवडला. संभाव्यतेच्या गणितात अंश मोजणे हे बहुधा किरकोळ काम असते. चूक होते ती छेदात. छेदात काय लिहायचे हे ठरले, की गणित जवळजवळ सुटलेच. आणि नेमकी तीच पायरी आपण मुलांना 'नमुना अवकाश पुढीलप्रमाणे' असे म्हणून एका ओळीत उरकून दाखवतो.

सरांच्या प्रश्नाचे एक उत्तर असे. एका नाण्याला लाल रंगाचा ठिपका लावा. आता दोन्ही नाणी वेगळी ओळखू येतात. लाल नाण्यावर छापा व साध्यावर काटा ही एक गोष्ट, आणि लाल नाण्यावर काटा व साध्यावर छापा ही दुसरी. चार निष्पत्ती उघड दिसतात, आणि त्यांपैकी कोणतीही दुसरीपेक्षा जास्त संभवनीय असण्याचे कारण दिसत नाही. आता ठिपका पुसून टाका. ठिपका होता की नव्हता याची नाण्यांना काय खबर? ती पूर्वीसारखीच पडणार. म्हणून 'एकावर छापा, एकावर काटा' ही निष्पत्ती दिसायला एक असली, तरी तिच्या पोटात दोन आहेत. तिचे वजन दुप्पट आहे. सरांनी तीन शक्यता मोजल्या यात काही चुकले नाही. त्या तिन्ही सारख्या वजनाच्या धरल्या, इथे चुकले.

दुसरे उत्तर प्रयोगाचे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने दोन नाणी दहा वेळा उडवली, तर एकूण ४०० फेकी होतात. ३/४ बरोबर असेल तर सुमारे ३०० फेकींत निदान एक छापा दिसेल. २/३ बरोबर असेल तर सुमारे २६७. एकट्या मुलाच्या दहा फेकींवरून काहीच ठरत नाही, कारण एकीकडे साडेसात आणि दुसरीकडे पावणेसात अशी अपेक्षा. सात आले तर कोण बरोबर? पण ४०० फेकींत आकडा अपेक्षेपासून सतरा-अठराहून जास्त सरकणे क्वचितच घडते, आणि इथे दोन उत्तरांमधले अंतर ३३ आहे. वर्गाची बेरीज फळ्यावर मांडली, की निकाल लागतो. शिबिरात आम्ही हेच केले. बेरीज तीनशेच्या आसपास आली आणि मागच्या सरांनी ती स्वतः तपासून घेतली.

(प्रयोग खरोखर करवून घ्या, घरून करून आणायला सांगू नका. एका शाळेत मी मुलांना घरी शंभर वेळा नाणे उडवून नोंद करून आणायला सांगितले होते. बहुतेक वह्यांत सलग चारपेक्षा जास्त वेळा तीच बाजू कुठेच नव्हती. प्रत्यक्षात शंभर फेकींत सलग सहा वेळा तीच बाजू निदान एकदा तरी येण्याची संभाव्यता सुमारे ८० टक्के असते! मुलांनी नोंदी बसल्या जागी मनाने लिहिल्या होत्या, आणि मनाला सलग सहा छापे 'योगायोगाचे' वाटत नाहीत. पुढे मी त्याचाच खेळ केला. अर्ध्या वर्गाने खरे उडवायचे, अर्ध्याने मनाने लिहायचे, आणि कोणता कागद खरा ते मी ओळखायचे. सगळेच नाहीत, पण बरेचसे ओळखता येतात.)

सरांना मी म्हटले, तुमच्या पंगतीला फार मोठी माणसे आहेत. फ्रेंच गणिती दालाँबेर हा अठराव्या शतकातल्या पहिल्या प्रतीच्या गणितज्ञांपैकी एक, दीदरोबरोबर फ्रेंच विश्वकोशाचा संपादक. त्या विश्वकोशाच्या १७५४ साली निघालेल्या चौथ्या खंडात छापा-काट्यावर त्याचा लेख आहे. प्रश्न जवळपास आपलाच : एक नाणे दोनदा उडवायचे, त्यात एकदा तरी छापा येण्याची संभाव्यता किती? दालाँबेर म्हणतो, पहिल्याच वेळी छापा आला तर खेळ तिथेच संपला, दुसऱ्यांदा कोण उडवणार? म्हणून शक्यता तीनच : छापा, काटा मग छापा, काटा मग काटा. तिनांपैकी दोन अनुकूल, म्हणून २/३. वाट निराळी, पण मुक्काम आपल्या सरांचाच. इथेही चूक वजनाची आहे. 'पहिल्याच वेळी छापा' ही निष्पत्ती निम्म्या वेळा घडते, उरलेल्या दोन प्रत्येकी चौथाई वेळा. दालाँबेरला इतरांनी हे सांगितले होते, तरी त्याच्या शंका पुढेही पूर्ण मिटल्या नाहीत.

गंमत अशी, की या आक्षेपाचे उत्तर त्याच्या शंभर वर्षे आधी दिले गेले होते. १६५४ साली पास्काल आणि फर्मा यांच्यात झालेल्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेचे गणित रूपाला आले, असे आपण मुलांना सांगतो. त्या पत्रांतला मुख्य प्रश्न अर्धवट राहिलेल्या खेळाचा आहे. दोन बरोबरीचे खेळाडू ठरावीक डाव जिंकणाऱ्याला सगळे पैसे, अशा बोलीवर खेळत आहेत. खेळ मध्येच थांबवावा लागला. त्या वेळी पहिल्याला जिंकायला आणखी दोन डाव हवे आहेत, दुसऱ्याला तीन. पैसे कसे वाटायचे?

फर्माची रीत अशी. आणखी फार तर चार डावांत निकाल लागणारच. तेव्हा चारही डाव खेळले गेले असे समजा आणि ते कोण कोण जिंकू शकेल याच्या सगळ्या माळा लिहा. पहिल्याने जिंकलेला डाव 'प' आणि दुसऱ्याने जिंकलेला 'द' मानला, तर पपपप, पपपद, पपदप... अशा एकूण १६ माळा होतात. ज्यांत 'प' निदान दोनदा आहे अशा ११ माळा. उरलेल्या ५ मध्ये 'द' निदान तीनदा आहे. म्हणून पैशांचे वाटप ११ ला ५. चौसष्ट मोहरा असतील तर पहिल्याला ४४, दुसऱ्याला २०.

पास्कालने ही रीत पॅरिसमधल्या रोबेर्व्हाल या गणिताच्या प्राध्यापकाला सांगितली, तेव्हा त्याने आक्षेप घेतला, की चार डाव खेळले जातीलच असे नाही. पहिल्याने पहिले दोन जिंकले तर खेळ तिथेच संपेल, मग न खेळलेले डाव मोजायचे कसे? दालाँबेरचीच शंका! ऑगस्ट १६५४ च्या पत्रात पास्कालने ती फर्माला कळवली आहे. त्यावरचे उत्तरही साधे आहे : निकाल लागल्यावर दोघांनी गंमत म्हणून उरलेले डाव खेळून टाकले, तर कोणाच्या पैशात फरक पडेल का? नाही. मग ते खेळले असे समजायला हरकत कसली? आणि तसे समजण्याचा फायदा मोठा आहे, कारण आता सोळाही माळा सारख्या लांबीच्या आणि सारख्या वजनाच्या झाल्या.

तसे न करता प्रत्यक्ष खेळ जिथे संपतो तेवढ्याच माळा मोजल्या तर काय होते, ते मुलांकडून करवून घ्या. पप, पदप, दपप, पददप, दपदप, ददपप या सहा पहिल्याच्या, आणि ददद, पददद, दपदद, ददपद या चार दुसऱ्याच्या. या दहा सारख्या वजनाच्या धरल्या तर वाटप ६ ला ४, म्हणजे पहिल्याला ३८ मोहरांहून थोडे जास्त. साडेपाच मोहरांचा तोटा, केवळ छेद चुकल्यामुळे. 'पप' ही दोन डावांची माळ सोळापैकी चार माळांची जागा घेते, हे मुलांच्या हाताखालून गेले की छक आणि कछ यांचे भांडण पुन्हा होत नाही.

फाशांचेही एक जुने उदाहरण आहे. तीन फाशांची बेरीज ९ येण्याचे सहा प्रकार आहेत (१२६, १३५, १४४, २२५, २३४, ३३३) आणि १० येण्याचेही सहाच (१३६, १४५, २२६, २३५, २४४, ३३४). मग जुगाऱ्यांना १० जास्त वेळा आल्यासारखे का वाटते? सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गॅलिलिओने याचे उत्तर लिहिले. तिन्ही अंक वेगळे असतील तर सहा रीती, दोन सारखे असतील तर तीन, तिन्ही सारखे असतील तर एकच. बेरीज केली तर ९ साठी २५ आणि १० साठी २७ रीती, एकूण २१६ पैकी. हजार फेकींत ९ सुमारे ११६ वेळा आणि १० सुमारे १२५ वेळा येईल. हा फरक इतका बारीक आहे, की तो योगायोगातून वेगळा काढायला हजारो फेकी लागतात. त्या काळचे जुगारी किती तास बसत असतील, कोण जाणे.

इथपर्यंत सगळे सरळ वाटेल. पण भौतिकशास्त्राच्या माणसाला इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ठिपका लावला काय न लावला काय, नाण्यांना फरक पडत नाही, असे मी वर म्हटले. हे नाण्यांबद्दल खरे आहे. प्रकाशकणांबद्दल ते खरे नाही! दोन प्रकाशकण दोन अवस्थांत वाटायचे असतील, तर दोन्ही पहिलीत, दोन्ही दुसरीत आणि एक-एक अशा तीनच शक्यता असतात आणि त्या सारख्या वजनाच्या मोजाव्या लागतात. प्रकाशकणांना ठिपका लावता येत नाही. हा आणि तो असा भेदच तिथे नाही. १९२४ साली ढाक्याला शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी या मोजणीतून प्रारणाचा प्लांकचा नियम काढून दाखवला आणि लेख आइन्स्टाइनकडे पाठवला. आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये आणून छापवला. म्हणजे आपल्या सरांचे उत्तर चुकले ते फक्त नाण्यांसाठी. प्रकाशकणांसाठी ते बरोबर आहे.

यातून घ्यायचे ते एवढे, की 'समसंभाव्य' हा शब्द तर्काने सिद्ध होत नाही. ते जगाबद्दलचे विधान आहे आणि ते जगाला विचारूनच ठरते. वर्गात हे दाखवायला प्रकाशकण नकोत, चिंचोका पुरेल. पटावर खेळताना उभा फोडलेला चिंचोका टाकतात. त्यालाही बाजू दोनच, पांढरी आणि काळी. म्हणून काय प्रत्येकीची संभाव्यता १/२? शंभर वेळा टाकून बघा. प्रत्येक चिंचोक्याची बैठक वेगळी असते, आणि आकडा पन्नासच येईल असे म्हणायला काही आधार नसतो. 'दोन शक्यता आहेत म्हणून फिफ्टी-फिफ्टी' हे वाक्य आपण सगळीकडे ऐकतो. उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, म्हणजे शक्यता निम्मी का? जूनमध्येही निम्मी आणि जानेवारीतही?

म्हणून मी मुलांना एक सवय लावते. आकडा लिहिण्यापूर्वी वहीत तीन वाक्ये लिहायची. नेमके काय केले? काय काय घडू शकते आणि ते सारख्या वजनाचे का? आणि आपल्याला काही माहिती मिळाली असेल, तर ती कशी मिळाली? पहिल्या दोन वाक्यांबद्दल बोलून झाले. तिसरे सर्वांत जास्त विसरले जाते.

मार्टिन गार्डनर यांनी १९५९ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये एक कोडे दिले होते. ते थोडे बदलून असे : एका घरात दोन अपत्ये आहेत, त्यांपैकी निदान एक मुलगी आहे. दोन्ही मुली असण्याची संभाव्यता किती? गार्डनर यांच्या रीतीने उत्तर १/३ येते. पुढे त्यांनी स्वतःच मान्य केले, की ही निदान एकाची माहिती कशी मिळाली हे न सांगितल्यामुळे प्रश्न संदिग्ध राहिला होता. ते कसे? दोन अपत्यांची ४०० घरे घ्या. मुलगा-मुलगी सारखे संभवनीय धरू. (प्रत्यक्षात जन्माच्या वेळी मुलग्यांचे प्रमाण किंचित जास्त असते, आणि पहिला मुलगा झाला की थांबणारी घरे असतात, तिथे तर हा हिशोब आणखीच बिघडतो. पण तो विषय वेगळा आणि अधिक दुःखाचा.) मोठे अपत्य आधी लिहून मुलगी-मुलगी, मुलगी-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगा-मुलगा अशी प्रत्येकी १०० घरे झाली.

आता समजा, तुम्ही प्रत्येक घरी विचारले, "तुम्हाला एखादी तरी मुलगी आहे का?" तीनशे घरे 'हो' म्हणतील. त्यांतल्या १०० घरी दोन्ही मुली. उत्तर १/३. दुसऱ्या खेपेला समजा तुम्ही काहीच विचारले नाही. फक्त दार वाजवले, आणि दोन अपत्यांपैकी जे समोर आले ते पाहिले. ती मुलगी निघाली. मुलगी-मुलगी या सगळ्या १०० घरी मुलगीच दार उघडेल. पण मुलगा-मुलगी अशा २०० घरांपैकी सुमारे १०० घरीच मुलगी दिसेल, उरलेल्या ठिकाणी तिचा भाऊ दार उघडेल. म्हणजे छेदात २०० आणि अंशात १००. उत्तर १/२. दोन्ही खेपांना तुम्हाला कळले ते एकच, की निदान एक मुलगी आहे. पण ते कळण्याची वाट वेगळी, म्हणून छेद वेगळा. या कोड्यावर शिक्षकांत भांडणे होतात ती उत्तरावरून नव्हे. प्रत्येकाच्या मनात माहिती मिळण्याची वाट निराळी असते.

याच जातीचा एक प्रयोग वर्गासाठी सुचवते. बर्त्राँ या फ्रेंच गणितज्ञाने १८८९ च्या आपल्या पुस्तकात तो पेट्यांच्या रूपात मांडला होता. पुठ्ठ्याचे तीन सारखे तुकडे घ्या. एक दोन्ही बाजूंनी लाल, एक दोन्ही बाजूंनी पांढरा, एक एका बाजूने लाल आणि दुसरीने पांढरा. पिशवीतून न पाहता एक तुकडा काढून बाकावर ठेवा. वरची बाजू लाल दिसते आहे. खालची लाल असण्याची संभाव्यता किती? सगळा वर्ग 'निम्मी' म्हणेल. उत्तर मी देत नाही. साठ वेळा काढून पाहा आणि छेदात तुकडे मोजायचे की बाजू, यावर मुलांना वाद घालू द्या.

आता थोडे अवघड, पण कामाचे. कल्पना करा, एक आजार शंभरात एकाला आहे. त्याची तपासणी आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर पकडते, आणि निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून 'आजार आहे' असे सांगते. एकाचा निकाल 'आहे' असा आला. त्याला खरोखर आजार असण्याची संभाव्यता किती? शिबिरात बहुतेकांनी ९० टक्के सांगितले. टक्के बाजूला ठेवून माणसे मोजू या. दहा हजार माणसे घ्या. आजारी १००, त्यांतल्या ९० जणांना 'आहे'. निरोगी ९,९००, त्यांतल्या ४९५ जणांना चुकून 'आहे'. 'आहे' निकालाची एकूण माणसे ५८५, त्यांपैकी खरे आजारी ९०. म्हणजे सुमारे १५ टक्के. आजारी माणसांत 'आहे' किती, याचा छेद १००. 'आहे' म्हटलेल्यांत आजारी किती, याचा छेद ५८५. वाक्यातले शब्द तेच, फक्त क्रम उलटला, आणि छेद जवळजवळ सहापट झाला. (म्हणून तपासणी कुचकामी असे नाही, आधी १ टक्का असलेली शक्यता तिने १५ टक्क्यांवर नेली. डॉक्टर पुढची तपासणी सांगतात ती यासाठीच.)

हीच उलटापालट एकदा न्यायालयात झाली. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाच्या वकील बाईंची दोन तान्ही बाळे अचानक दगावली, पहिले १९९६ साली, दुसरे १९९८ साली. त्यांच्यावर खुनाचा आरोप आला. १९९९ च्या खटल्यात एका नामवंत बालरोगतज्ज्ञांनी साक्षीत सांगितले, की ज्या घरात कोणी धूम्रपान करत नाही, कोणी तरी कमावते आहे आणि आई २६ वर्षांहून मोठी आहे, अशा घरात बाळ अकारण झोपेत दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. तेव्हा दोन बाळे तशी जाण्याची शक्यता ८,५४३ गुणिले ८,५४३, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. ज्यूरीने बाईंना दोषी ठरवले. जन्मठेप झाली.

या गुणाकारात पहिली चूक दहावी-बारावीच्या मुलाला सापडेल अशी आहे. संभाव्यतांचा गुणाकार करायचा तो घटना स्वतंत्र असतील तरच. एका भावाला कांजिण्या आल्या, तर त्याच घरातल्या बहिणीला येण्याची शक्यता गावातल्या कोणत्याही मुलीइतकीच असते का? सख्ख्या भावंडांचे आईबाप एक, घर एक, रक्तातले गुणदोष पुष्कळसे एक. पहिले बाळ ज्या कारणाने गेले, ते दुसऱ्याच्याही वाट्याला येण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असू शकतो. तो नाही, हे कोणी दाखवलेच नव्हते.

दुसरी चूक छेदाची, आणि ती अधिक खोल. घटकाभर ७ कोटी ३० लाख हा आकडा खरा धरू. तो काय सांगतो? दोन बाळे झालेल्या अशा घरांपैकी किती घरांत दोन्ही बाळे अकारण दगावतील. पण ज्यूरीपुढचा प्रश्न हा नव्हता. दोन बाळे दगावली आहेत, हे आधीच घडून गेले होते. प्रश्न होता, ज्या मोजक्या घरांत असे घडले, त्यांपैकी किती घरांत ते नैसर्गिक आणि किती घरांत खून. आईने आपली दोन बाळे एकामागून एक मारणे हीही अतिशय दुर्मिळ गोष्ट आहे. दोन दुर्मिळ गोष्टींची एकमेकींशी तुलना करायला हवी होती. वरच्या तपासणीच्या हिशोबात ९० आणि ४९५ हे दोन्ही आकडे हाताशी होते म्हणून उत्तर काढता आले. इथे एकच आकडा पुढे ठेवला गेला, आणि ७ कोटी ३० लाखांत एक ही जणू बाई निर्दोष असण्याचीच शक्यता आहे असा त्याचा अर्थ लावला जाण्याची वाट मोकळी झाली.

२००० साली पहिले अपील फेटाळले गेले. ऑक्टोबर २००१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढले, की या आकड्याला संख्याशास्त्राचा आधार नाही. एखाद्या खटल्याबद्दल विद्वत्संस्थेने असे बोलणे नेहमीचे नव्हे. जानेवारी २००३ मध्ये दुसऱ्या अपिलात बाई सुटल्या. सुटकेचे मुख्य कारण असे, की दुसऱ्या बाळाच्या जंतुतपासणीचे निष्कर्ष बचाव पक्षाला दाखवलेच गेले नव्हते. पण तो आकडा त्या रीतीने ज्यूरीपुढे यायला नको होता, असेही न्यायालयाने म्हटले. तीन वर्षांहून अधिक काळ त्यांनी तुरुंगात काढला होता. २००७ साली त्या वारल्या.

शिबिराच्या शेवटी मागच्या बाकावरच्या सरांनी विचारले, की हे दहावीच्या मुलांना सांगावे का. मी म्हटले, खटला हवा तर बारावीपर्यंत राहू द्या; दहावीत दहा हजार माणसांचा तक्ता तेवढा द्या, आणि शंभरात एकाऐवजी हजारात एकाला आजार धरून तो पुन्हा करायला सांगा. सरांनी तिथेच वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. आजारी १०, पकडले गेलेले ९. निरोगी ९,९९०, चुकून 'आहे' म्हटलेले सुमारे ५००. मग त्यांनी छेदात ५०९ लिहिले आणि वही शेजारच्या बाईंपुढे सरकवली.